दोनशे दहा डाव्या बाह्या

४ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, राग पोटात ठेवू नका, कागदावर काढा, रक्तदाब उतरेल. म्हटलं, तेवढा कागद मिळतो का बाजारात? ते हसले. मी हसत नव्हते. मापांच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, तिथेच लिहायला घेतलंय.

तर आजचा राग. एकतीस वर्षं मी या कारखान्यात कापड बेततेय. डॉक्टरांचे कोट, नर्सचे गणवेश, गॅरेजवाल्यांचे डगले, सगळं माझ्याच टेबलावरून गेलंय. आणि आज गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका माणसाने मला डोळे मिटून सफरचंद बघायला लावलं!

झालंय असं की, पुढच्या महिन्यात मालकीणबाई नवं यंत्र आणतायत. आखणी टेबलावर खडूने नाही, पडद्यावर करायची. त्या पडद्यापुढे एकच माणूस बसणार, कापणी सगळी त्याच्या हाताखाली. कोण बसणार ते ठरवायला हा चाचणीवाला बोलावलाय. मला वाटलं, एखादा कोट बेतायला सांगेल. कसलं काय! छापील कागद वाटले. घडी घातलेल्या चौकोनांची चित्रं, आणि खाली लिहिलेलं, ‘मनातल्या मनात उलगडा’. अरे, कागद हातात दे की, उलगडून दाखवते! मग म्हणे, "डोळे मिटा, एक सफरचंद डोळ्यांपुढे आणा, आणि किती स्पष्ट दिसतंय त्याला शून्य ते पाच गुण द्या."

मिटले डोळे. अंधार. डोळे मिटल्यावर आणखी काय दिसणार? मी आपलं प्रामाणिकपणे शून्य लिहिलं. शेजारी माझी धाकटी बहीण बसली होती. शेहेचाळीस वर्षांची झाली तरी आम्ही सगळे तिला छोटीच म्हणतो. ती काज-बटणाच्या विभागात असते. तिचा कागद मी वाकून बघितला, तर पाच! खोटं बोलायला हिने कधीपासून सुरुवात केली कोण जाणे.

६ मार्च, बुधवार

निकाल लागला. अकरा जणांत छोटी पहिली. मी अकरावी.

पुन्हा लिहिते, म्हणजे रक्तदाब उतरेल. मी अकरावी. इस्त्रीवाले काका, ज्यांना स्वतःचा चष्मा कपाळावर सापडत नाही, ते सातवे.

मी तडक चाचणीवाल्यासमोर जाऊन उभी राहिले. तो थंडपणे म्हणाला, "बाई, यात कमी-जास्त असं काही नाही. काही माणसं चित्रांत विचार करतात, काही शब्दांत. डोक्याचा प्रकारच वेगळा. तुमची शब्दबुद्धी आहे. कापणीला चित्रबुद्धी लागते."

"माणसं काय बटणं आहेत?" मी म्हटलं. "ही दोन भोकांची, ती चार भोकांची?"

"उदाहरण चांगलं आहे," म्हणाला, आणि लिहून घेतलं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

प्रकार-बिकार काही नसतो. डोकं सगळ्यांचं एकच. कुणाचं धारेचं, कुणाचं बोथट, आणि बोथट असेल तर घासावं. आई शिवणकाम करायची, तिनेच आम्हा दोघींना बेतायला शिकवलं. मला कसं घासलं ते माझं मला माहीत. "छाती चाळीस, चौथाई दहा, वर दीड," असं चालीवर, पाढ्यासारखं, शंभर-शंभरदा म्हणून घ्यायची. छोटीला मात्र जन्मात एक आकडा विचारला नाही. तिच्यापुढे नुसतं कापड धरायची आणि म्हणायची, "बघ." बघ म्हणे! मला पाढे आणि तिला लाड. धाकट्यांचं नशीबच वेगळं असतं.

छोटीने दुपारी डबा माझ्याशेजारी बसून खाल्ला. शेवटी म्हणाली, "ताई, मी मागितलं नव्हतं गं." मी म्हटलं, "नाही मागितलं तर नको म्हण." ती डब्याचं झाकण लावत राहिली.

७ मार्च, गुरुवार

सांगून टाकलं मी मालकीणबाईंना. स्पष्ट.

त्या म्हणत होत्या, "तुमच्याच घरात राहतंय ना पद, मग कशाला जिवाला लावून घेता?" मी म्हटलं, "पदाचं राहू द्या. ज्या बाईने चौदा वर्षांपूर्वी दोनशे दहा डाव्या बाह्या कापल्या, तिच्या हाती तुम्ही सगळी कापणी देणार?"

त्या वेळी कारखाना त्यांच्या वडिलांकडे होता, म्हणून यांना ठाऊक नव्हतं. एकशे पाच कोटांची मागणी होती. एकशे पाच डाव्या, एकशे पाच उजव्या हव्या होत्या. छोटीने कटर चालवला आणि थरच्या थर डावे निघाले. कापडाला सुलट-उलट होती, त्यामुळे फिरवूनही लावता येईनात. उजव्या हाताचं डॉक्टरांनी काय करायचं, खिशात घालून बसायचं? थोरले मालक भले माणूस. तिला काढलं नाही, टेबलावरून उठवून काज-बटणाला बसवलं. तेव्हापासून ती तिथे आहे. मी कधी कुणापाशी त्याचा उच्चार केला नाही. सख्ख्या बहिणीची अब्रू, कशाला उघड्यावर मांडायची? पण आता प्रश्न कामाचा होता.

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत."

८ मार्च, शुक्रवार

छोटीला आत बोलावलं होतं. ती पाच मिनिटांत बाहेर आली आणि काज करायला बसली. मालकीणबाई मला म्हणाल्या, "मी विचारलं, हे खरं का? त्या ‘हो, मीच कापल्या’ म्हणाल्या. दुसरं काहीच नाही."

काय बोलणार? खरं तेच आहे. मी काही खोटं सांगितलं नाही. मी खोटं सांगितलेलं नाही हे दोनदा लिहिलं, आता झोपते.

१० मार्च, रविवार

छोटीकडे गेले होते. तिचा डबा चुकून माझ्या पिशवीत आला होता. चुकून म्हणजे, मीच घेतला होता, जायला निमित्त हवं म्हणून.

तिने पाणी दिलं, बस म्हटलं, आणि खिडकीशी उभी राहिली. मी म्हटलं, "बोल काय ते. शिव्या दे हवं तर."

ती म्हणाली, "ताई, तू सफरचंदाला शून्य लिहिलंस ते खरं लिहिलंस, का त्या माणसाचा राग म्हणून?"

"खरं म्हणजे काय? डोळे मिटून कुणाला दिसतं?"

"काहीच दिसत नाही तुला?"

"तुला दिसतं?"

"हो."

"दिसतं म्हणजे आठवतं."

"नाही गं. दिसतं. तू समोर बसलीयेस तसं नाही, पण दिसतंच." मग ती खिडकीपासून माझ्यापाशी आली. "आईसुद्धा नाही? आई नाही दिसत तुला?"

मी म्हटलं, आईला जाऊन सहा वर्षं झाली, दिसेल कशी? तर ही म्हणते, "मला रोज दिसते. केस विंचरताना कंगवा दातांत धरून उभी असते, आणि आरशातून माझ्याकडे बघते."

मी उठलेच. म्हटलं, आई गेली तेव्हा धाय मोकलून रडलीस ती पुरे झाली, आता तिची मालकी सांगू नकोस. चपला घालून निघाले. डबा परत माझ्याच पिशवीत आला.

११ मार्च, सोमवार

आमच्या ह्यांना विचारलं, "तुम्हाला डोळे मिटून सफरचंद दिसतं?"

"दिसतं की."

"कसं?"

"हिरवं. लाल मला मानवत नाही."

थट्टा करू नका म्हटलं, तर म्हणतात थट्टा कसली, सगळ्यांनाच दिसतं. कारखान्यात इस्त्रीवाल्या काकांना विचारलं. त्यांना त्यांचं गावाकडचं मेलेलं कुत्रं दिसतं, शेपटीसकट. पॅकिंगमधल्या चौघींना विचारलं. कुणाला धूसर, कुणाला लख्ख, एकीला तर नको तेव्हाही दिसतं, पण दिसतं. आता सगळा कारखाना कट करून माझ्याशी खोटं बोलतोय असं म्हणावं, तर इस्त्रीवाल्या काकांना कट करायची अक्कल नाही.

बावन्न वर्षं! बावन्न वर्षांत एका माणसाने मला सांगू नये? लोक म्हणतात ‘डोळ्यांपुढे उभं राहिलं’, ‘नजरेसमोरून जात नाही’. मला वाटायचं, ती बोलायची रीत. ‘जीव टांगणीला लागला’ म्हणतात, म्हणून कुणी टांगणीला जीव अडकवलेला बघितलाय का? मीही म्हणायचे, सगळ्यांसारखंच. मला काय ठाऊक की ही मंडळी मिटल्या डोळ्यांआड अख्खं घर मांडून बसलीयेत आणि मी एकटीच बाहेर उभी आहे!

आणि आई गेली तेव्हा? एकजात सगळे म्हणत होते, "तिचा चेहरा हलत नाही डोळ्यांपुढून." मी म्हणत होते, औषधाची पावती कुठे ठेवलीय, गादी कुणाला द्यायची, फोन कुणाकुणाला करायचे राहिलेत. मावशी माझ्या पाठीमागे म्हणाली, "थोरली दगड आहे." मी ऐकलं होतं. मी ऐकलेलं विसरत नाही, तेच तर आहे माझ्याकडे. आई काय काय बोलली ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवीन, एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही. पण त्याला कुणी माया म्हणत नाही. डोळ्यांतून पाणी काढलं की माया.

राग कुणावर काढायचा तेच कळत नाही. लिहूनही उतरत नाही.

१३ मार्च, बुधवार

आज काम होत नव्हतं. खडू हातात धरून उभी होते, आणि ते सगळं कानात वाजायला लागलं. चौदा वर्षांपूर्वीचं. शब्द जसेच्या तसे.

आखणी मी केली होती. थर मी रचून घेतले होते. छोटी कटर घेऊन उभी होती, आणि ती म्हणाली, "ताई, सगळ्या एकाच हाताच्या दिसतायत."

मी म्हटलं, "दिसतायत म्हणजे? खांद्याशी मुंढा मोजला का? उंची मोजली का?"

"मोजलंय. बरोबर आहे. पण शिवून अंगावर चढवल्या की सगळ्या डावीकडेच जातायत. मला दिसतंय ना."

"दिसतंय-बिसतंय राहू दे. आकडा बरोबर आहे ना? मग काप."

आणि तिने कापल्या.

हे मी कधी विसरलेच नव्हते. लपवलंही नव्हतं. मला वाटलं होतं, ‘दिसतंय’ म्हणजे ‘मला आपलं वाटतंय’. कामाचा कंटाळा आला की माणूस म्हणतो तसं. तिने मला पुरावा दिला होता आणि मी तो कुरकुर समजले. आज टेबलावर दोन बाह्यांचे कागदी फर्मे ठेवले, एक डावा, एक उजवा. टेप लावली. मुंढा तोच, उंची तीच, मनगट तेच. आकडा डाव्या-उजव्याला एकच असतो! एकतीस वर्षं मी आकड्यांवर बेततेय आणि आकड्याला डावं-उजवं कळत नाही हे मला आज कळलं. एरवी चालून गेलं, कारण आई शिकवताना म्हणायची, "एक थर सुलटा, एक उलटा," आणि तेही मी पाढ्यातच म्हणते. त्या दिवशी घाईत ती एक ओळ गळली असणार.

छोटी गप्प का बसली? चौदा वर्षं आणि परवा पुन्हा? म्हणायचं होतं ना, ताईने कापायला लावल्या! माझ्या तोंडावर फेकायचं होतं!

१४ मार्च, गुरुवार

मालकीणबाईंना सगळं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे चूक तुमची होती."

"आखणी माझी, हुकूम माझा. हात फक्त तिचा."

"आणि गेल्या आठवड्यात तुम्ही येऊन त्यांचं नाव सांगितलंत."

"हो."

"मग आता मी तुम्हाला टेबलावर कशी ठेवू, तुम्हीच सांगा."

मी सांगितलं, नका ठेवू. महिनाअखेरीस मी पॅकिंगला जाते. पण त्या माणसाच्या कागदावर माझ्या नावापुढे ‘कापणीस अपात्र’ लिहिलंय, ते खोडा. कारण एका चुकीसाठी मला उठवा, माझी तक्रार नाही, पण त्या चुकीखेरीज हजारो कोट मी याच डोक्याने बेतलेत, मिटल्या डोळ्यांना काहीही न दिसता. ते जमत नाही असं कुणी लिहायचं नाही. त्या म्हणाल्या, "एवढं झालं तरी तुमचा आवाज चढतोच का हो?" आवाज माझा आहे, चढणारच.

मग त्यांनी छोटीला बोलावून सांगितलं, की पडदा तुमचा.

छोटी म्हणाली, "मला नको."

१५ मार्च, शुक्रवार

जिन्यात गाठलं तिला. म्हटलं, "आता काय झालं? मी कबूल केलं ना सगळं? माफी हवी तर माफी मागते, इथे, जिन्यात, सगळ्यांसमोर."

"ती नको मला."

"मग काय हवंय? आणि चौदा वर्षं गप्प का बसलीस ते आधी सांग!"

ती पायरीवर बसली. म्हणाली, "मी गप्प नव्हते बसले, ताई. मला खात्री नव्हती. तू इतकी ठामपणे ‘आकडा बरोबर आहे’ म्हणालीस. कापून झाल्यावर मला वाटायला लागलं, मला आधी दिसलंच नसेल. चूक झाल्यावर मी मनाशी रचलं असेल, सुटायला. रोज डोळे मिटून बघायचे, खरंच तसं दिसलं होतं का. बघून बघून ते पुसून गेलं. परवा मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा मला खरंच वाटत होतं की मीच कापल्या, मीच चुकले." मग म्हणाली, "तेव्हापासून मला जे दिसतं त्यावर माझा विश्वास नाही. काजाला दिसावं लागत नाही, म्हणून काज बरं. त्या पडद्यापुढे बसून काय करू? तू ओरडलीस की मी कापणारच."

मी जिन्यात उभी राहिले.

मालकीणबाईंनी बुधवारपर्यंत मुदत दिलीय. छोटी हो म्हणाली नाही तर बाहेरचं माणूस घेणार.

१८ मार्च, सोमवार

आमचे हे म्हणतात, समजूत घाल तिची. समजूत! माझ्याकडे शब्दच शब्द आहेत आणि शब्दांनीच तिची ही गत केलीय. तीन दिवस मी तोंड बंद ठेवलंय. रक्तदाब मोजला, चढलाय.

२० मार्च, बुधवार

आज मुदतीचा शेवटचा दिवस. दवाखान्याच्या डगल्यांचं काम आलंय. मी आखणी केली, थर रचले, सुलटा-उलटा नीट म्हणून. खिशाच्या चार पट्ट्या मात्र उरलेल्या कापडाच्या नुसत्या सुलट्या थरांवर वेगळ्या आखल्या. कटरवर हात ठेवला आणि हॉलच्या त्या टोकाला हाक मारली, "छोटी, इकडे ये."

मशीनं थांबली. सगळ्यांना वाटलं, आता दोघी जुंपणार. ती बोटाला गुंडाळलेला दोरा तसाच घेऊन आली.

मी म्हटलं, "कापू का?"

"मला काय विचारतेस? मोज."

"मोजलंय. बरोबर आहे. तू सांगितल्याशिवाय कापत नाही."

ती म्हणाली, "नाटकं करू नकोस," आणि वळली. मी कटर खाली ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिले. म्हटलं, मीही तिचीच बहीण आहे. पाच मिनिटं झाली असतील. इस्त्रीवाले काका म्हणाले, "अहो, इस्त्री गार होतेय," त्यांना म्हटलं, होऊ दे.

ती परत आली. टेबलाभोवती एक फेरी मारली. मग डोळे मिटले. तिच्या पापण्या आतून काहीतरी फिरवत असल्यासारख्या हलत होत्या. मी सहा वर्षांची असताना ती जन्मली, इतकी वर्षं तिला बघतेय, पण ती हे काम करतेय हे मला कधी कळलं नव्हतं.

"खिशाच्या पट्ट्या," ती म्हणाली. "चारही एकाच अंगाच्या पडल्यात. दोन उलटून आख."

माझा हात टेपकडे गेला. लिहिताना लाज वाटतेय, पण गेला. सगळा कारखाना बघत होता, एकतीस वर्षांची माझी आखणी, आणि पट्ट्यांची मापं मला तोंडपाठ होती, चारही अगदी बरोबर. मला त्यांत काहीही चुकीचं दिसत नव्हतं. मी टेप गळ्यातच राहू दिली आणि दोन पट्ट्या उलटून पुन्हा आखल्या.

छोटीचे डोळे बारीक झाले. "मुद्दाम चुकलीस ना? मला बरं वाटावं म्हणून?"

"मुद्दाम?" मी ओरडलेच. "मी? कापडाशी? तुझ्या समाधानासाठी मी दीडशे डगल्यांचं कापड पणाला लावीन? समजतेस कोण तू मला? इतकी वर्षं माझ्यासोबत काढलीस आणि एवढीसुद्धा ओळख नाही माझी? मुद्दाम म्हणे!"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हसायलाच लागली, अगदी पोट धरून, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "नाही नाही," म्हणाली, "तू नाहीच करणार. म्हणजे मला खरंच दिसलं."

"मग, मी काय ओरडतेय मघापासून?"

तिने बोटावरचा दोरा सोडवून माझ्या हातात दिला आणि मालकीणबाईंच्या खोलीकडे निघाली. दार न वाजवता आत गेली.